सातव्या फॉर्म्यापासून पुढे

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या बापाची कंबर नेहमीप्रमाणे कुरकुरते, तो नेहमीप्रमाणे औषध घेत नाही आणि तुझी आई नेहमीप्रमाणे त्याला बोलते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. फोन हाताशी असताना म्हातारीला पत्राची हौस कुठून आली असं म्हणशील. तर बाई, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'कशी आहेस' म्हणेपर्यंत तू 'बरी आहे आजी, वाचतेय, ठेवते' म्हणून मोकळी! पत्राला तसं करता येत नाही. निदान खाली सही कुणाची आहे तिथपर्यंत तरी जावं लागतं. आणि खरं सांगू का, मी सध्या इतकी खुशीत आहे की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी एक कादंबरी पहिल्या पानापासून वाचते आहे. पहिल्या! हसू नकोस. का ते सांगते.

पण आधी पाकिटाचं. ह्या पत्राबरोबर समोरच्या घरातल्या बस ड्रायव्हरनं तुला एक जाडसर पाकीट दिलं असेल. ते आधी उघडलं असशील तर तू खुर्चीतून उठलीच असशील. हो, ती तुझीच, तुला अभ्यासाला लावलेली कादंबरी आहे. म्हणजे तिचा एक तुकडा. ओरडू नकोस, वसतिगृहातल्या पोरी जमतील.

सुट्टीला चार दिवस आलीस तेव्हा ते धूड तू पहिल्या दिवशी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलंस. दुसऱ्या दिवशी ते फळीवर गेलं. तिसऱ्या दिवशी कपाटात, आणि जायच्या दिवशी मी पाहिलं तर कपाटातल्या रजयांच्या खाली. रजईखाली माणूस पुस्तक वाचायला ठेवत नाही गं. मग तू ते 'विसरलीस'. चार्जर आठवला, मोजे आठवले, संपत आलेली क्रीमची ट्यूब आठवली, आणि दोन किलोचं पुस्तक विसरलीस. मी फोन केला तर म्हणालीस, राहू दे आजी, पुढच्या वेळी नेईन. पुढची वेळ म्हणजे तुझा सेमिनार होऊन गेल्यावर. आणि सेमिनारमध्ये ह्याच पुस्तकावर बोलायचं आहे, त्याआधी ह्याच पुस्तकावर वीस पानं लिहून द्यायची आहेत, हे तूच मला पायरीवर बसून सांगितलं होतंस. माझी स्मरणशक्ती कपबशा कुठे ठेवल्या एवढ्यापुरतीच गेली आहे, बाकी शाबूत आहे.

तेव्हा पायरीवर तू आणखीही बोललीस. दोन वर्गांचं वाचन, लेखनाच्या वर्गाला दर पंधरा दिवसांनी एक नवी गोष्ट, त्या गोष्टीवर सगळ्यांनी मिळून घातलेली धाड, वर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासायच्या. वाचायला बसलं की लिहायचं राहतं, लिहायला बसलं की वाचायचं राहतं, आणि दोन्ही राहिलं की तू झोपून जातेस. बाकीच्या मुली घराघरांतून पुस्तकांची कपाटं बघत मोठ्या झाल्यात आणि आपल्या घरी फक्त आजीनं आणलेले वाया गेलेले कागद होते, असंही म्हणालीस. मला राग नाही आला. मी म्हटलं, खरंच की. पण त्या वाया गेलेल्या कागदांबद्दल तुला सगळं ठाऊक नाही, आणि ते आज सांगितलंच पाहिजे.

मी बाइंडिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली हे तुला माहीत आहे. तिसरी पास बाई, अक्षराला अक्षर जोडून वाचणारी. कामाच्या पहिल्या दिवशी माझ्यासमोर छापील कागदांचा जो ढीग ठेवला तो माझ्या हनुवटीपर्यंत होता. मला रडूच आलं. शेजारच्या टेबलावर लांबडी होती. तिला तू पाहिलं आहेस, आपल्याकडे येताना दारात वाकून येते ती. ती म्हणाली, ए नवी, ढिगाकडे कशाला बघतेस, ढीग काय तुला बघून कमी होणार आहे का? हाताखालचा एक कागद घे. तो एक कागद म्हणजे फॉर्मा. टेबलभर मोठा असतो, दोन्ही बाजूंना छापलेला. तीनदा दुमडला की त्याची सोळा पानं होतात. पुस्तक कितीही मोठं असू दे, ते अशा सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांचंच असतं. एकावर एक रचायचे, पाठीकडून शिवायचे, पाठीला आतून एक चिवट कागद खळीनं चिकटवायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. तो आतला कागद कुणाला कधी दिसत नाही, पण पुस्तकाची पाठ त्याच्यावर तगून असते. असो. तुला बाइंडिंग शिकवायला बसले नाहीये.

सांगायचं काय, तर आम्हा प्रत्येकीकडे एकच फॉर्मा असायचा. माझं टेबल पाचवं. म्हणजे कुठलीही कादंबरी आली की माझ्या हाताखाली पानं पासष्ट ते ऐंशी. घडी घालता घालता एक ओळ ह्या कागदावर वाचायची, पुढची ओळ पुढच्या कागदावर. दुपारपर्यंत एक पान व्हायचं. आठ दिवसांत फॉर्मा पाठ. लांबडीकडे सहावा. जेवायला बसलो की प्रत्येकीनं आपापल्या फॉर्म्यात काय झालं ते सांगायचं. मी म्हणायचे, माझ्यात ती विहिरीपाशी रडतेय, पण का ते ठाऊक नाही. चौथ्या टेबलावरची म्हणायची, अगं, माझ्यात तिचं पत्र हरवलंय ना! असं करत करत जेवणाच्या सुट्टीत आख्खी कादंबरी उभी राहायची. फक्त शेवट नाही. कारण शेवटच्या टेबलावर बसायची ती ढब्बू, आणि ढब्बूला वाचता येत नव्हतं. बरं, कागद दुसरीच्या हातात द्यायलाही ती तयार नसायची. माझ्या घड्या बिघडतील म्हणायची. बघ म्हणजे, एकतीस वर्षं आम्ही कादंबऱ्यांच्या मानेपर्यंत पोहोचायचो आणि तोंड बघायला मिळायचं नाही. मग शेवट आम्हीच करायचो. त्यावरून भांडणं व्हायची. लांबडी सगळ्यांना मारून टाकायची, मी सगळ्यांची लग्नं लावायचे.

तुला लहानपणी सांगितलेल्या गोष्टी त्याच. तू नऊ वर्षांची असताना एकदा माझ्या मांडीवरून ताडकन उठलीस आणि कमरेवर हात ठेवून विचारलंस, आजी, तुझ्या सगळ्या गोष्टी मधूनच का सुरू होतात, ह्याची सुरुवात कुठे आहे? मी म्हटलं, ती माझ्याकडे नाही बाळ, ती पहिल्या टेबलावर आहे. तर तू माझ्याच पिशवीतला, एकाच बाजूला छापून वाया गेलेला एक कागद घेतलास, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं सुरुवात लिहिलीस आणि मला वाचून दाखवलीस. त्या विहिरीपाशी रडणाऱ्या बाईला तू एक कुत्रा दिलास, आणि तो हरवला म्हणून ती रडत होती. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, पुस्तकातल्यापेक्षा हे बरं आहे. तेव्हा तुझ्या वर्गातल्या पोरींकडे कपाटं असतील. तुझं लिखाण पहिल्यांदा ऐकलं ते डझनभर बाइंडिंगवाल्या बायकांनी, डबा खाता खाता, आणि त्यांना ते आवडलं होतं. हे त्या पोरींना सांग.

बरं, आता मी काय केलं ते. तुझं धूड रजईखालून काढलं, हातात तोललं आणि मला कळलं की तुला भीती आतल्या गोष्टीची नाही, वजनाची वाटते. ते वजन कमी करायला मला तरी एकच मार्ग माहीत. पुठ्ठा सोडवला, पाठीला ओली खळ लावून जुना डिंक मऊ केला, शिवणीचे दोरे कापले आणि मागून पुढे एकेक फॉर्मा सुटा करत आले. अठ्ठेचाळीस फॉर्मे. चौदा वर्षांनी हात लावला, पण एक पान फाटलं नाही. इतकी खुशीत होते की चक्क गुणगुणत होते. त्या दुपारी मला दोन धक्के बसले. एक आत्ता सांगते, दुसरा मागाहून.

पहिला असा की सगळं सुटं झाल्यावर पहिला फॉर्मा उघडला आणि पहिल्याच पानावर विद्यापीठाच्या वाचनालयाचा शिक्का! मेले, वर खाकी कव्हर घालून ठेवलेलंस, मला वाटलं पुस्तक तुझं आहे. मी तर गारच पडले. दुसऱ्याच्या पुस्तकाची मी अठ्ठेचाळीस शकलं करून पलंगावर मांडून ठेवली होती. तुझी आई आत आली, तिनं पाहिलं आणि दार लावून बाहेर गेली. मग मी सरळ शिक्क्याखालच्या नंबरावर फोन केला. कबूल करून टाकावं, लपवाछपवी आपल्याला जमत नाही. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आजी, तुम्हाला परत शिवता येतं? मी म्हटलं, पहिल्यापेक्षा बरं शिवीन. तर म्हणाल्या, ते झालं की घेऊन या, आणि आमच्याकडे आणखी अकरा पुस्तकं पाठी मोडून पडली आहेत, तीही बघाल का? आता लांबडीनं तिच्या जुन्या सुया शोधून ठेवल्यात, दोरा आणलाय, खळ शिजवायचं पातेलं मी बाजूला काढलंय. पाठीला लावायच्या चिवट कागदाचं तेवढं अजून जमलेलं नाही, हल्लीचे कागद फुसके असतात. पण फॉर्मे सगळे माझ्याकडे असल्याशिवाय पुस्तक शिवता येणार नाही, हे तुला कळत असेलच. तिथेच माझी मेख आहे.

तर नीट ऐक. तुझ्या रंगीत चिठ्ठ्यांची दाटी सहाव्या फॉर्म्यापर्यंत आहे. त्यापुढे पानं कोरी, करकरीत. म्हणून पाकिटात सातव्यापासून तेराव्यापर्यंत घातले आहेत. सात दिवस, सात फॉर्मे. रोज एक, जास्त नाही. आवडलं तरी दुसरा उघडायचा नाही, त्या वेळात तुझं लिखाण कर, वह्या तपास, झोप. दर सोमवारी ड्रायव्हर तुझ्या गावी येतो. तो वाचलेले सात घेईल आणि मगच पुढचे सात देईल. त्याला मी बजावलं आहे की पोरगी गोड बोलेल, चहा पाजेल, पण जुने घेतल्याशिवाय नवे द्यायचे नाहीत. तो म्हणाला, आजी, तिकीट काढल्याशिवाय मी कुणाला गाडीत घेत नाही, ही तर पुस्तकाची गोष्ट. आणि मला न वाचता परत पाठवशील तर कळेल. वाचलेला कागद अंगठ्याला वेगळा लागतो, थोडा दमलेला. एकतीस वर्षांचा अंगठा आहे माझा, त्याला फसवू नकोस.

प्रत्येक फॉर्म्याबरोबर एक चिठ्ठी लिही. ह्यात काय झालं आणि तुला काय वाटलं. आम्ही डबा खाताना बोलायचो तसं, वर्गात बोलतात तसं नको. सहा सोमवार झाले की पुस्तक संपेल आणि बेचाळीस चिठ्ठ्या होतील. सातव्या आठवड्यात तुला वीस पानं द्यायची आहेत ना? त्या चिठ्ठ्या पलंगावर मांड, कुठली कुठल्याच्या शेजारी जाते ते बघ. त्यालाच आम्ही जुळणी म्हणायचो. आणि वीस पानं वीस पानं म्हणून तू जो बाऊ केला आहेस, त्याचा मी हिशेब लावून पाहिला. सोळा आणि चार वीस. म्हणजे सव्वा फॉर्मा! सव्वा फॉर्म्यासाठी माझी नात रजया उपसते, हे लांबडीला सांगितलं तर ती दारात न वाकताच आत येईल आणि डोकं फोडून घेईल.

एक गंमत आठवली. एकदा जुळणी करताना माझ्या हातून चूक झाली. दोनशे पुस्तकांत नववा फॉर्मा दोनदा लागला आणि दहावा लागलाच नाही. पुस्तकं बाजारात गेली. मी महिनाभर जीव मुठीत धरून बसले, आता येईल तक्रार, मग येईल. कुणीच आलं नाही. दीड महिन्यानं एक शाळामास्तर आले, पुस्तक छातीशी धरून. म्हणाले, तो बोटीत बसतो आणि पुन्हा बोटीत बसतो, पलीकडे कधी जातो? मालक मला रागावले, पण मी मास्तरांकडेच बघत राहिले. दोनशे माणसांनी पुस्तक घेतलं आणि दहाव्या फॉर्म्यापर्यंत एकटे तेच पोहोचले होते. मी त्यांना दहावा फॉर्मा घालून पुस्तक नव्यानं शिवून दिलं, ते तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागले. तुझ्या वर्गातल्या कपाटवाल्या पोरी कितव्या फॉर्म्यापर्यंत गेल्यात, विचारून बघ एकदा. हळूच विचार.

मी स्वतः कुठे आहे म्हणशील तर तेरावा संपवला. पाठवायच्या आधी वाचून घेते, तुझ्यापुढे एक आठवडा असते. सकाळची कामं आवरली की खिडकीशी बसते, जाड काचेचा चष्मा आणि वर भिंग. कादंबरीतला तो घड्याळ दुरुस्त करणारा संध्याकाळी येतो म्हणून घरातून निघाला, तो सहा फॉर्मे झाले तरी आला नव्हता आणि त्याची बायको रोज ताट झाकून ठेवतेय, तिथे तू थांबली होतीस. तिथे कुणी थांबतं का गं? अकराव्यात काय होतं ते मी सांगणार नाही, पण त्या दिवशी माझी भाजी करपली आणि तुझ्या बापानं ती निमूट खाल्ली. आणि सुरुवातीला काय मजा असते! मला कुणी सांगितलंच नव्हतं. माणसं कोण, कुठली, कुणाशी कुणाचं काय, सगळ्याची आपल्याला ओळख करून देतात. मी जन्मभर लोकांच्या घरात मधल्या खोलीत शिरत होते, आता पहिल्यांदा दारातून आत गेले.

आता दुसरा धक्का. फॉर्मे सोडवत मागून पुढे येत होते, सातवा सुटला आणि सहाव्याच्या आधी एक कागद खाली पडला. टाइप केलेला, विभागप्रमुखांच्या नावे. वैयक्तिक कारणास्तव अभ्यासक्रम सोडत आहे. खाली तुझी सही. मी तो अक्षराला अक्षर जोडून वाचला, म्हणून फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला तुझ्या पायरीवरच्या बोलण्यातलं न बोललेलं सगळं ऐकू आलं. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. रागावलेही नाही. तारखेची जागा तू कोरी ठेवली आहेस, म्हणून मला हे पत्र लिहायला जागा मिळाली. अर्ज मी फाडला नाही, दुसऱ्याचा कागद फाडायची मला सवय नाही. मी फक्त त्याची जागा बदलली. सहाव्याच्या मागे होता, तो आता अठ्ठेचाळिसाव्याच्या मागे आहे आणि शेवटच्या सोमवारी त्याच्याबरोबरच येईल. दुसरा टाइप करायला तुला पाच मिनिटं लागतील, हे मला कळतं, मी काही तुला बांधून ठेवत नाही. पण हा अर्ज गोष्ट अर्धवट असताना लिहिला होतास, तो गोष्ट संपल्यावर वाच. अठ्ठेचाळिसावा फॉर्मा मी उघडणार नाही, तो तू वाचून मला फोनवर सांग. शेवट मी अजून एकदाही ऐकलेला नाही, पहिला तुझ्या तोंडून ऐकायचा आहे, आणि त्या दिवशी 'ठेवते' म्हणालीस तर बघ. मग अर्ज हातात घे. तारीख घालावीशी वाटली तर घाल, मी स्वतः तुला न्यायला येईन. नाही वाटली तर शेवटच्या फॉर्म्यांबरोबर तो मला परत पाठव. कागद मी अंगठ्यानं तपासला आहे, चांगला चिवट आहे. पाठीला आतून लावायला अगदी तेवढाच हवा आहे.

सोमवारी सात फॉर्म्यांची वाट बघणारी,
तुझीच, पाचव्या टेबलावरची आजी